मागल्या दारची जळकी फळी

मित्रांनो, मी आधी जळाले आणि मग घराला लागले. आमच्या हिसागो बेटावर देवदाराच्या फळ्या अशाच तयार करतात. तीन फळ्या नळीसारख्या उभ्या बांधतात आणि खाली पेंढा पेटवतात. जाळ सरसर वर चढतो, आतली बाजू काळी पडते, मग पाणी ओततात. कोळसा झालेल्या लाकडाला खारा वारा खात नाही. मला कुमाजी नावाच्या कोळ्याने जाळले आणि मागल्या दाराशेजारी ठोकले. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले.

त्याची बायको फुसानो. बाहेर पडताना ती माझ्यावर तळहात टेकवून “येते” म्हणे. कुमाजीही तसेच करी. एकदा तो घाईत हात न टेकवता समुद्रावर गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून फुसानो दोन्ही हात टेकवू लागली, एक त्याच्या वाटचा.

पन्नास वर्षांत तिथला कोळसा झिजून गेला. काळ्याभोर भिंतीत दोन हातांएवढे तांबूस लाकूड उघडे पडले.

मग बेटावरची शाळा बंद झाली. तरुण माणसे पलीकडच्या किनाऱ्यावर गेली. फुसानोआजींचे गुडघे दुखू लागले, म्हणून त्या धक्क्याजवळ मैत्रीण योनेकडे राहायला गेल्या. माझ्याभोवती गवत माजले. तरी आजी रोज येऊन दार उघडत आणि निघताना हात टेकवत.

पुढे शहरातून तोदोरोकी नावाच्या वास्तुकार बाई आल्या. हे घर त्यांना कलादालनासाठी हवे होते. आजींनी होकार दिला. बाईंनी मागल्या अंगणाभोवती काँक्रीटची भिंत उभारली, वर छप्पर घातले आणि छपरात एक बारीक फट ठेवली. योने म्हणाली, “आपण जन्मभर छपराची भोकं बुजवली. ह्या बाईंनी मुद्दाम एक पाडलं.”

माझ्या भिंतीच्या अकरा कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या. आता माझी पाळी, असे आजींना वाटले. पण आमच्याकडे शहरातल्या मोठ्या माणसाला सरळ विचारायची रीत नाही. उद्घाटनाच्या सकाळी त्या लवकर आल्या. न्हाणीच्या चुलीची काजळी भाताच्या पेजेत कालवून त्यांनी माझी उघडी जागा सारवली. मी नव्या फळ्यांसारखी काळी दिसले, की मला कोणी काढणार नाही, असा त्यांचा हिशेब.

दहा वाजता पाहुणे आत आले. अंगणाच्या त्या नव्या खोलीत काहीच मांडलेले नव्हते. फटीतून ऊन उतरले आणि नेमके माझ्यावर पडले. तिथे नुसता काळेपणा होता. तोदोरोकीबाई जवळ आल्या आणि त्यांनी बोट लावून पाहिले. बोट काळे झाले.

आजी वाकून म्हणाल्या, “बाई, मीच सारवलं. चुकलं का?”

“आजी, तेवढंच तर दाखवायचं होतं.”

“हे? हा तर माझ्या हातांचा डाग. मला वाटलं, तुम्ही हिला काढणार.”

“मग विचारलं का नाही?”

“तुम्ही तरी सांगितलं का नाही?”

योने मागून म्हणाली, “दोघीही शहाण्याच.”

एक जण ओले फडके घेऊन आला. आजींनी त्याला थांबवले. “पुसू नका. आधी जसं झिजलं तसंच झिजू द्या.” आणि दोन्ही हात माझ्यावर टेकवून त्या म्हणाल्या, “येते.”

माझ्याशेजारी लावलेली ‘हात लावू नये’ ही पाटी त्याच दिवशी काढून टाकली. पाहुणे निघताना मला हात लावू लागले आणि फाटकाजवळच्या पाण्याच्या कुंडीत काळे तळवे धुऊ लागले.

पुढच्या वसंतात आजी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रुग्णालयात निघाल्या. होडीवर जाण्याआधी त्या माझ्याकडे आल्या होत्या. “येते,” म्हणाल्या. आल्या नाहीत.

काजळी जायला चार वर्षे लागली. आता माझे लाकूड पुन्हा उघडे आहे. हात पुष्कळ लागतात, पण दोन्ही हात एकदम टेकवणारी आता योनेच तेवढी.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा उंबरठा, एखादी कडी झिजलेली असेल. ती बदलण्याआधी किंवा रंगवण्याआधी विचारा, ही कोणाच्या हाताने झिजली. ते माणूस घरात आहे तोवरच विचारा.