तीन मात्रांची वाट

जोडीनृत्याच्या वर्गात सगळे तिला 'एक्सप्रेस' म्हणत, आणि त्यात कौतुक औषधालाही नव्हतं. जोडीदाराने हात वर करायचा, मग तिने गिरकी घ्यायची, इतकं ते साधं. पण त्याचा खांदा जरा हलला की ही बया गिरकी घेऊन मोकळी. घरी दीड वर्षाची मुलगी. ग्लास पडायच्या आधी झेलायचा, टेबलाचा कोपरा कपाळाला लागायच्या आधी त्यावर हात ठेवायचा, ही सवय अंगात अशी मुरली होती की समोरचा काय करणार हे त्याच्या आधी तिलाच कळे. निदान तिला तसं वाटे. निम्म्या वेळा अंदाज चुके आणि दोघांचे गुडघे एकमेकांवर आपटत.

शिकवणाऱ्या बाईंनी सांगून सांगून घसा कोरडा केला होता, की अगं, त्याने विचारल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. ती मान डोलवी आणि पुढच्या गाण्यात तेच करी.

आज परीक्षा होती. पास झाली तर वरचा वर्ग, नाही तर पुन्हा तीन महिने 'एक-दोन-तीन, पाय जवळ'. दोनदा नापास होऊन बसली होती. आठवड्यातले शनिवारचे हे दोन तासच काय ते तिचे स्वतःचे. परवा सासूबाईंनी सहज विचारलं होतं, जमत नाही तर जातेस कशाला. ते झोंबलं, कारण तो प्रश्न तिलाही पडला होता. आज नाही जमलं तर सोडून द्यायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

परीक्षेत जोडीदार चिठ्ठीने ठरे. तिच्या वाट्याला लिफ्टवाले काका आले. साठीला टेकलेले, लिफ्ट दुरुस्त करणारे, स्वभावाने लोणी. पण पावलं विसरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकीच्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आजाऱ्याला भेटायला आलेत.

"ताई, अडकलो तर ओढून न्या मला," काका हळूच म्हणाले.

"नाही ओढणार, काका. तुम्ही न्याल तिथे येते."

बोलून तर गेली. पहिल्याच ओळीत तिचा पाय दोनदा आधी निघाला आणि दोन्ही वेळा बाईंची पेन्सिल वहीवर हलली. मग गाण्याच्या मध्यावर काकांचा हात थंड पडला आणि ते जागच्या जागी थांबले. विसरले. पुढचं तिला तोंडपाठ होतं: डावीकडे वळण, मग गिरकी. पायाची बोटं शिवशिवू लागली. सावर त्यांना, सावर, असं सगळं अंग म्हणत होतं.

ती उजव्या पायावर तोल धरून उभी राहिली. एक मात्रा गेली. दुसरी गेली. भिंतीशी कोणीतरी खाकरलं. तिसरीला तिने चक्क डोळे मिटून घेतले. बघत राहिली असती तर राहवलं नसतं.

पाठीवरचा तळहात किंचित वळला. उजवीकडे. शिकवलेल्यात उजवीकडे काहीच नव्हतं. ती गेली. मग हात वर झाला, गिरकी. मागे दोन पावलं. पुन्हा गिरकी, उलटी. काका मनाला येईल ते करत सुटले होते आणि तिला प्रत्येक गोष्ट कळत होती, त्यांनी सांगितल्यावर, एक क्षणही आधी नाही. गुडघ्याला गुडघा लागला नाही. गाणं संपलं तेव्हा दोघांची पावलं एकाच वेळी टेकली.

बाईंनी काकांना विचारलं, मधला तो थांबा कुठून उचललात.

"उचलतोय कुठून, बाई. माझी दांडी गुल झाली होती. म्हटलं, आता या ओढतील. तर या आपल्या खांबासारख्या उभ्या. मग काहीतरी करणं भाग होतं."

बाई हसल्या. तिच्याकडे वळून म्हणाल्या, "दोघंही वर. आणि तू आज पहिल्यांदा नाचलीस."

वरच्या वर्गातला उंच शिंपी पुढच्या गाण्यासाठी हात पुढे करून उभा होता. नवरा मुलीला कडेवर घेऊन दारात आला आणि त्याने भुवया उडवून विचारलं, झालं का. तिने त्याला एक बोट दाखवलं, एकच गाणं. मग जरा विचार करून चार.