भारत झालेली मुलगी

ऐक ना, आधी नुसतं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस, कारण मध्ये बोललीस की मी पुढचं विसरते आणि पुढचंच महत्त्वाचं आहे. आपली डेनित्सा यंदा बालवाडीत बाई म्हणून लागली ना, रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गावर? वर्गाचं नाव मधमाश्या. तर तिथली गोष्ट.

डिसेंबर लागला होता. नेहमीसारखाच दिवस. हीटरवर ओले हातमोजे वाळत घातलेले, त्यांचा तो कुबट लोकरीचा वास, कुणाचं नाक गळतंय, कुणाचा बूट दुसऱ्याच्या पायात. पोरं सुर्वाचका, म्हणजे नव्या वर्षाच्या सजवलेल्या फांद्या, करत बसली होती. द्र्यानच्या झाडाची फांदी वाकवायची, लोकरीनं बांधायची, लाह्या ओवायच्या, लाल मिरच्या लावायच्या. अर्ध्या लाह्या पोटात जात होत्या. डेनित्सा म्हणत होती, 'बिल्याना, फांदीला पण थोड्या ठेव गं राणी.'

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्या हेडबाई, पण त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. म्हणाल्या, यंदाचा कार्यक्रम ठरलाय, जगभरातले हिवाळ्याचे सण. एकेक मूल एकेक देश. स्वीडनची दिव्यांचा मुकुट घातलेली पोरगी, इटलीची झाडूवरची म्हातारी, जपान, पोलंड, सगळं. आणि शेवटी आपला नव्या वर्षाचा सण. पालक आणि आजी-आजोबा पाठ करून ओळीनं बसतील, पोरं येऊन पाठीवर फांदी लावतील, वर्षभर धडधाकट राहा म्हणतील, नाणं नाहीतर चॉकलेट घेतील, मग सगळ्यांनी चीज भरलेली बानित्सा खायची.

डेनित्सा खूश. नकाशा लावला, टाचण्या टोचल्या, रात्रंदिवस फोनवर शोधाशोध. नवी ना ती.

आता सेव्दा. फाटकापलीकडच्या मोहल्ल्यातली, तिथल्या सावळ्या, वेगळ्या जमातीच्या लोकांतली. तिकडच्या बालवाडीचं छप्पर सप्टेंबरात खचलं, पोरं इकडेतिकडे वाटून टाकली, आपल्याकडे ही एकच आली. ती आली त्याच महिन्यात दोन पालकांनी आपली मुलं काढून घेतली. घराजवळची शाळा बघितली, म्हणाले. ही शाळा त्यांच्या खिडकीतून दिसते. पण कुणी काही बोललं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणायच्या, 'अजून चार गेली ना डेनित्सा, तर वर्ग बंद. मग तू पण घरी आणि मी पण.'

त्याच म्हणाल्या, 'सेव्दाला भारत दे. दिवाळी. शोभेल तिला. रंगच आहे तसा.'

डेनित्साला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरंच नाही. संगीताच्या खोलीतला नारिंगी पडदा होता, त्याची साडी केली. सेव्दाला दिवाळी शिकवली. पणत्या लावतात, दारात रंगांची नक्षी काढतात, गोडधोड करतात.

सेव्दा म्हणाली, 'आणि शेजाऱ्यांकडे जातात?'

'जातात तर. ताट भरून फराळ घेऊन जातात.'

'आणि शेजारी दार उघडतात?'

'उघडतात की. का गं?'

'असंच.' मग जरा थांबून, 'बाई, आमच्याकडे वासिलित्सा असते. जानेवारीत. आमचं नवं वर्ष. रुसलेले सगळे बोलायला लागतात त्या दिवशी. ती कुठे आहे नकाशात?'

डेनित्सानं मोठ्या बाईंना विचारलं, हे पण घेऊया का. मोठ्या बाई हसल्या. 'अगं, विषय जग आहे. फाटकापलीकडचं काय घेऊन बसलीस.'

बरं, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बिल्यानाची आई आली, गेंचेवा. पालक समितीची. हातात मिठाईचा डबा, एकदम गोड बोलणं. 'मला स्वतःला काही नाही हो. माझ्या लग्नात बँड त्यांचाच होता, काय वाजवतात. पण आमच्या सासऱ्यांचं बायपास झालंय. म्हातारी माणसं. नवं वर्ष कुणाच्या हातानं लागतंय ते बघतात. तेवढं पाठीचं जरा... तुम्हाला कळतंय ना?'

मोठ्या बाईंना कळलं. गेंचेवा गेल्यावर डेनित्साला म्हणाल्या, 'देश संपले की सेव्दाला कपड्यांच्या खोलीत ने. साडी सोडायला वेळ लागतो ना?'

'नाही हो, चारच टाचण्या आहेत.'

'लागतो,' मोठ्या बाई म्हणाल्या. 'लागू दे. मी तिला ठेवून घेतलंय, बाकी कुणी घेतली नसती. एवढं तू कर.'

आणि डेनित्सा 'बरं' म्हणाली. दंतवैद्याकडून आल्यावर ओठ कसा असतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं म्हणाली.

कार्यक्रम काय झाला म्हणून सांगू. सेव्दानं ती पणती, म्हणजे बॅटरीची मेणबत्ती, अशी धरली, डोळे मोठे करून असं 'शुभ दिवाळी' म्हणाली की सगळा हॉल विरघळला. गेंचेवाचा सासराच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. 'अगं, काय गोड इंडियन पोरगी आहे,' म्हणे. सेव्दाची आई स्टेफ्का, पावाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेली, आणि सेव्दाची आजी, अशा दोघी शेवटच्या रांगेत बसलेल्या. त्यांनी पण टाळ्या वाजवल्या.

मग खुर्च्या फिरल्या. सगळे पाठ करून बसले. डेनित्सानं सेव्दाचा हात धरला आणि कपड्यांच्या खोलीत नेलं. सेव्दाच्या दुसऱ्या हातात सुर्वाचका. तिच्या फांदीवर लाह्या सगळ्यात जास्त होत्या, कारण तिनं एकही खाल्ली नव्हती.

'बाई, लवकर. त्यांनी सुरू केलं.'

'हो गं. टाचणी अडकलीये.'

बाहेरून आवाज येत होते. फांद्यांचे टप टप, पोरांचा गलका, कुणी आजोबा खोटं खोटं कण्हतायत, हशा. डेनित्सा एक टाचणी काढायची, दाताखाली धरायची, परत पडद्यात चाचपडायची.

सेव्दा म्हणाली, 'बाई, ही तुम्ही मगाशी काढली होती. परत लावलीत.'

रागानं नाही हां. सांगितलं नुसतं. आणि मग ती घाई करायची थांबली. उभी राहिली, हात जरा वर करून, डॉक्टरकडे उभं राहतात तशी.

डेनित्सा सांगते, तेव्हा काहीच वाटलं नाही. रडू नाही, लाज नाही. टाचणीचं टोक थंड होतं, एवढंच आठवतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा बानित्सा कापायला घेतली होती. खुर्च्या इकडेतिकडे झालेल्या, सगळे उभे राहून खातायत, आणि शेवटच्या रांगेत त्या दोघी अजून पाठ करून बसलेल्या. कुणीच त्यांना लावलं नव्हतं. पोरं एकेक पाठ करत तिथपर्यंत आली, दोन खुर्च्या आधी थांबली आणि परत फिरली. त्यांना कुणी तसं सांगितलेलं पण नव्हतं गं. स्टेफ्काच्या मुठीत चॉकलेट होतं. आजीनं मागे न बघताच विचारलं, 'झालं का?'

डेनित्सा वाकून म्हणाली, 'जा, लाव जा आईला.'

'नको,' सेव्दा म्हणाली. 'संपलं ना.'

स्टेफ्का उठली, कोटाची बटणं लावली, सासूला हात दिला. दारात डेनित्साला म्हणाली, 'छान झाला कार्यक्रम, बाई.' बस.

सोमवारी सेव्दा आली नाही. मंगळवारी पण नाही. आणि मंगळवारी मोठ्या बाई उड्याच मारत आल्या. गुरुवारी नगरपालिकेच्या सभागृहात हाच कार्यक्रम परत करायचा, महापौर येणार, बाहेरचे पाहुणे येणार, आणि त्यांना मुद्दाम ती भारतवाली मुलगी हवीये. 'जा, घेऊन ये तिला. शाळेत येऊ दे नाहीतर न येऊ दे, गुरुवारी हवीच.'

गेली डेनित्सा. फाटक ओलांडून पहिल्यांदाच गेली, जन्म इथला असून. स्टेफ्कानं घरात घेतलं, कॉफी टाकली. घर स्वच्छ, हीटर लहान, सेव्दा कॉटवर धाकट्या भावाचे मोजे जोडत बसलेली. मान वर केली नाही.

'ताप आहे का तिला?'

'नाही. येत नाही म्हणते.'

'गुरुवारी कार्यक्रम आहे. महापौर येणारेत.'

'भारत?'

'हो.'

'आणि भारत झाल्यावर?' स्टेफ्कानं विचारलं. डेनित्सानं कप जवळ ओढला. स्टेफ्का म्हणाली, 'हे बघा बाई, मी भांडत नाही. आम्ही हे काही पहिल्यांदा बघत नाही. मी लहान होते तेव्हा आम्ही फांद्या घेऊन अलीकडे यायचो, तर लोक पडदे ओढायचे, घरात दिवा लागलेला असायचा तरी. पण तुम्ही एकदा म्हणा. शेवटी सेव्दा पण लावेल, सगळ्यांच्या पाठीला लावेल, एवढं म्हणा. मी आत्ता फ्रॉकला इस्त्री करते.'

डेनित्सानं कॉफी संपवली. खालचा गाळ दिसेपर्यंत संपवली. आणि 'थँक्यू' म्हणून उठून आली. कळतंय का तुला? नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मोठ्या बाईंना सांगितलं, येणार नाही. त्यांनी कपाळाला हात लावला, मग क्षणात म्हणाल्या, 'मग बिल्यानाला देऊ. ती स्वीडन होती, ते वगळू. कोको आणि क्रीम कालवून चेहऱ्याला जरासं लाव. नाटकात लावतातच की. साडी झाकेल बाकीचं.'

गुरुवार. सभागृहामागची ती खोली, आरसा, पोरांचा गोंधळ. बिल्याना पडद्याच्या साडीत स्टुलावर बसलेली, केस सोनेरी, ते पदराखाली कोंबलेले. डेनित्साच्या हातात कोकोचा स्पंज. एका गालाला लावून झालं होतं.

बिल्याना आरशात बघून म्हणाली, 'बाई, मला भारत नको.'

'का गं? गोड दिसतेस.'

'नको. मला आजोबांच्या पाठीला लावायचंय.'

'अगं मग लाव ना, शेवटी लावायचंच आहे.'

'नाही,' ती म्हणाली. एकदम समजूतदार सूर, लहान पोराला दोन नि दोन चार समजावतात तसा. 'भारत झालं की लावता येत नाही. कपड्यांच्या खोलीत जावं लागतं. सेव्दानं लावलं असतं तर आजोबा परत आजारी पडले असते. म्हणून.' आणि गाल पुसायला लागली. 'हे पुसा आधी. हे निघतं ना? निघालं नाही तर?'

बाकीची पोरं ऐकत होती. एकालाही नवल वाटलं नाही. जपान झालेला पोरगा तर मान हलवत होता. दोन आठवडे डेनित्सा त्यांना मुकुट शिकवत होती, पणत्या शिकवत होती, जपानमध्ये घंटा किती वाजवतात ते शिकवत होती. ते सगळं पोरं गुरुवारपर्यंत अर्धं विसरली होती. हे मात्र एकदाच बघितलं आणि पक्कं झालं, कुणी शिकवायच्या आधीच.

मोठ्या बाई दारातून बोटं नाचवत होत्या, चला, चला.

डेनित्सानं स्पंज खाली ठेवला. बिल्यानाचा गाल ओल्या कापडानं पुसला, नीट, कानामागेपर्यंत. 'निघालं,' म्हणाली. मग रंगमंचावर गेली. तिचा आवाज चढला नाही की कापला नाही, औषध कसं घ्यायचं ते सांगतात तसा सपाट होता.

म्हणाली, 'भारत झालेली मुलगी आज आलेली नाही. तिचं नाव सेव्दा. ती फाटकापलीकडे राहते. मागच्या कार्यक्रमात तुम्ही तिच्यासाठी टाळ्या वाजवल्यात, आणि पाठीवर फांदी लावायची वेळ आली तेव्हा तिला कपड्यांच्या खोलीत ठेवलं. मी ठेवलं. का ठेवलं ते माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांना कळलंय. तेव्हा आज मधमाश्या कुणाच्याच पाठीला लावणार नाहीत. मी पोरांना खोलीत नेते, तिथे सरबत आहे.'

आणि मग काय झालं माहितीये? महापौरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते वाजवतायत म्हणून बाकीच्यांनी पण वाजवल्या. गेंचेवा तेवढी उठून पोरीचा हात धरून गेली.

जानेवारीपासून डेनित्सा घरी आहे. सेव्दा दुसऱ्या बालवाडीत आहे, बस बदलून जावं लागतं. डेनित्सा मोहल्ल्यात परत गेली होती सांगायला, की मी बोलले सगळ्यांसमोर. स्टेफ्कानं ऐकून घेतलं, कॉफी दिली, म्हणाली, 'आता बोललात होय. आमच्या स्वयंपाकघरात तर एक शब्द फुटला नाही तुमच्या तोंडातून.' तरी डेनित्सा दर बुधवारी जाते. तिकडची पोरं जमवते, पुस्तकं वाचते, छपरासाठी नगरपालिकेत खेटे घालते. दोन महिने झाले, छप्पर तसंच आहे. ती म्हणते, घालणारच मी. असं म्हणते जसं आपण भांडी घासायचीत म्हणतो.

आणि आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकच, बरं झालं बोलली, आम्ही पण बोललो असतो. तू पण तेच म्हणणार, दिसतंय तोंडावर. पण मी सभागृहाचं विचारत नाहीये. त्याच्या आधीचं विचारतेय. दार लावलेलं आहे, बाहेर मोठ्या बाई आहेत, वर्ग बंद पडायची भीती आहे, नोकरी नवी आहे, कुणी बघत नाहीये, आणि सहा वर्षांची पोरगी तुला म्हणते, ही तुम्ही परत लावलीत. खरं सांग, तू काय केलं असतंस?