सुसानाचे तीस मैल

सुसाना गेल्याचं मला रस्त्यात कळलं. नवापूरहून विसरवाडीकडे जाताना अकराव्या मैलाजवळ समोरून बैलगाडी आली. गाडीबरोबर आमश्या चालत होता. मी मोटारसायकल थांबवली, तसं त्याने डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. तेवढ्यावरून मला समजलं.

सुसाना माझी बायको. दवाखान्याची सुईण होती. आमश्याच्या सुनेच्या बाळंतपणासाठी ती चार दिवस डोंगरातल्या त्याच्या पाड्यावर राहिली होती. मूल झालं आणि सुसानाला ताप चढला. सकाळी टपालाच्या मोटारीबरोबर निरोप आला की बाईला गाडीतून आणतो आहोत. मी क्विनाइनचं इंजेक्शन घेऊन लगेच निघालो.

गाडीत आमश्याची बायको हिरीबाई सुसानाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"ओहोळापर्यंत श्वास होता, भाऊ," ती म्हणाली. "ओहोळात तिने पाणी मागितलं. मी पाजलं. मग बोलली नाही."

ओहोळ तिथून अर्ध्या मैलावर होता. मला झाडांची रांग दिसत होती.

हे सन १९३८ च्या भातकापणीतलं. तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो. नवापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, अजून आहे. दवाखान्याची साइडकारवाली मोटारसायकल मी बारा वर्षं चालवत होतो. साइडकारमध्ये औषधांची पेटी आणि सुसाना. रस्ता संपला की ती पुढे पायी जायची आणि मी गाडीजवळ दवाखाना मांडायचो.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं.

"याकूब, गाडी आता शेडमध्ये राहू दे. तू बैलगाडीने जा."

"बैलगाडीने आठवड्याला दोन गावं होतात, साहेब. गाडीने नऊ होतात."

"तुला घड्याळं दिसत नाहीत. बाई सांगत होती म्हणून चाललं. तेल संपलेलं कळलं नाही तर इंजिन जाईल आणि तू जंगलात बसशील."

ते खरं होतं. पेट्रोलच्या टाकीवर तीन घड्याळं बसवलेली होती. एक वेगाचं, एक तेलाचं, एक विजेचं. चाळिशी ओलांडली तशी मला लांबचं नीट दिसायचं, पण जवळचं पुसट झालं. चष्मा लावला तर घड्याळं दिसत, पण रस्त्यावरचा बैल धुरासारखा दिसे. चष्मा काढला की बैल दिसे आणि घड्याळं जात. म्हणून सुसाना साइडकारमधून वाकून बघायची आणि ओरडून सांगायची.

मी साहेबांकडे एक महिना मागितला. घड्याळं मला चष्म्याशिवाय दिसतील अशी करून घेतो म्हणालो. नाही जमलं तर गाडी विका. त्या नऊ गावांत आमच्याशिवाय औषध घेऊन कोणी जात नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी महिना दिला.

आधी मी स्वतःच केलं. पांढरा रंग आणला आणि तिन्ही काचांवर मोठाले आकडे काढले. शेडमध्ये उभं राहून बघितलं तर आकडे छान दिसले. रस्त्यावर गेल्यावर आकड्यांशिवाय काहीच दिसेना. मग घड्याळं उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि रेल्वेने नंदुरबारला पितांबरकडे नेली. पितांबर बाजारात घड्याळं दुरुस्त करतो. माझ्याच वयाचा आहे आणि अहिराणीशिवाय बोलत नाही.

त्याने टॉवेल उघडला.

"याकूबभाऊ, हाई घड्याळ शे का किराणा दुकाननी पाटी?"

"मला दिसावं म्हणून काढले."

"आकडा दिसतस. काटा कोठे शे? तू तर त्याले झाकी टाकं." त्याने काच खरवडायला घेतली. मग हात थांबवून विचारलं, "वहिनी काय सांगे तुले?"

मी आठवून सांगितलं. तेलाचं विचारलं तर ती म्हणायची, उभा आहे. कधी म्हणायची, झुकला, थांब. विजेचं म्हणायची, मधे आहे. वेगाचा मात्र आकडा सांगायची. आकडे मीच तिला शिकवले होते.

"मंग तेलले तिले आकडा लागेच नहीत. तुले काबर लागतस?"

हे मला सुचलं नव्हतं. तिचे शब्द मी अकरा वर्षं ऐकले होते.

पितांबरने तेलाच्या आणि विजेच्या घड्याळाचे सगळे आकडे काळ्या रंगाने झाकले. काट्याला पातळ कागदाची रुंद पट्टी चिकटवून ती पांढरी केली. वाईट बाजूला लाल रंग भरला. मग आठ दिवसांनी तो स्वतः नवापूरला आला आणि तेलाचं घड्याळ टाकीत तिरकं फिरवून बसवलं. इंजिन नीट चालू असलं की काटा सरळ वर उभा राहील, असं. मी चष्मा काढून बसलो. खाली नुसती नजर टाकली तरी कळत होतं. काटा उभा आहे. वाचायचं काही उरलंच नव्हतं.

"आते वेगनं," पितांबर म्हणाला. "याले बी आकडा नको. एकच लाल खूण करी देस. तू कितलावर चालाडस?"

"तीस. तीसच्या वर मी कधीच नेली नाही."

"चाल, मंग तीसवर खूण करूत. दाखाड."

तो चष्मा लावून साइडकारमध्ये बसला. एका हाताने त्याने टोपी धरली होती. आम्ही विसरवाडीच्या रस्त्याला लागलो. मी नेहमीसारखी गाडी नेली. कानाला वारा ओळखीचा लागला, हँडल ओळखीचं थरथरलं, तेव्हा मी ओरडलो, "तीस!"

"नही!"

"नीट बघ!"

"वीस बी नही, भाऊ! अठरा शे! माले वाटनं तू अजून सुरवातच करी नही!"

मी म्हटलं घड्याळ बिघडलं. त्याने खिशातलं घड्याळ काढलं आणि मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत वेळ मोजला. तीन मिनिटांच्या वर लागला; तीसने दोनच मिनिटं लागली असती. परत येताना पुन्हा मोजला. तेवढाच. शेडमध्ये येऊन त्याने वेगाचं घड्याळ उघडलं, आतलं सगळं बघितलं आणि पुन्हा बंद केलं.

"घड्याळ बरोबर शे."

तो हसत होता. माझ्याकडे बघितल्यावर हसायचा थांबला.

मग मी त्याला सांगितलं. गाडी नवी होती त्या वर्षी एका वळणावर मी आम्हा दोघांना खड्ड्यात घातलं. सुसानाचा हात मोडला. प्लास्टर होतं तोवर ती काही बोलली नाही. पुन्हा बसायला लागल्यावरही हळू चालव असं एकदाही म्हणाली नाही. तेव्हा मला त्याचं बरं वाटलं होतं. माझे डोळे गेले तसं तिने घड्याळ बघायचं काम स्वतःहून घेतलं. तेव्हापासून गाडीने जरा जोर धरला की साइडकारमधून आवाज यायचा, "कंपाउंडर, तीस झाले हं." कधी चिडवायची, "आता काय सुरतेला नेतोस मला?" मग मी तिथेच ठेवायचो.

ती गेली त्या दिवशी साइडकार रिकामी होती. तरी मी तिच्या तीसनेच गेलो. त्याहून जास्त नेली नाही. उलटलो तर इंजेक्शन रस्त्यातच राहील, असा विचार केला होता. अकरा मैलांना अठराने किती लागतात आणि खऱ्या तीसने किती, हे गणित मी पितांबरसमोर केलं नाही. तो गेल्यावर केलं. पाव तासाचा फरक येतो. ओहोळापासून मला भेटेपर्यंत बैलगाडीला साधारण तेवढाच वेळ लागतो.

डॉक्टरसाहेबांना मी हे विचारलं. इतका ताप डोक्यात गेल्यावर त्या इंजेक्शनने काही झालं नसतं, असं ते म्हणाले. ते चांगले डॉक्टर आहेत. चांगले माणूसही आहेत. त्यामुळे त्यांनी हे डॉक्टर म्हणून सांगितलं की माणूस म्हणून, ते मला कळलं नाही.

सुसानावर मला राग आला का, असं पितांबरने विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर आला म्हणालो असतो. दोन दिवस आला. तिने मला अकरा वर्षं फसवलं आणि त्या अकरा वर्षांत आम्ही एकदाही पडलो नाही.

महिना भरला त्या दिवशी साहेब शेडमध्ये आले. मला दोन घड्याळं विचारली. मी चष्म्याशिवाय बसून बरोबर सांगितली. त्यांनी तेलाचा नळ बंद करून पाहिला, तेही मी ओळखलं.

"आणि वेग?"

"वेग अंगाला कळतो, साहेब."

त्यांनी गाडी दिली. आता नऊ गावांना पुन्हा औषध जातं. आमश्याच्या पाड्यालाही जातं. नातीचं नाव त्यांनी सुसाना ठेवलं आहे. हिरीबाई दर खेपेला विचारते, "एवढा हळू का येतोस?" मी औषधांची पेटी उतरवायला घेतो.

वेग मोजला त्या दिवशी जाण्याआधी पितांबर लाल रंगाची कुपी उघडून बसला होता. "खूण कोठे करू?" त्याने विचारलं. "तीसवर का अठरावर?" मी त्याला पुढच्या खेपेला सांगतो म्हणालो. तो दोनदा येऊन गेला. वेगाच्या घड्याळावर अजून खूण केलेली नाही.