अर्लिसने हाक मारली नाही

मी खुर्ची बोलतेय. सत्तेची नव्हे हो; लोखंडी, घडीची, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत भिंतीशी गंजत पडलेली. नवी आले तेव्हा हिरवीगार होते. पोरांनी खालून च्युइंगगम चिकटवून माझी पार रया घालवली.

चार वर्षांतून एकदा, ऐन हिवाळ्यात, मोठ्या माणसांना माझी आठवण येते. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला गाव इथे जमतं. चिठ्ठी नाही, पडदा नाही. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात साऱ्यांदेखत जायचं. माणसं कमी भरली की कोपरा बाद. लोक उमेदवाराकडे कमी आणि शेजाऱ्याकडेच जास्त बघतात.

त्या वर्षी माझ्यावर अर्लिस टीडमन बसली होती. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिच्या शेतातून तेलाची पाइपलाइन न्यायचा घाट होता. तिचा उमेदवार पाइपलाइनच्या विरोधात, मोठ्या कोपऱ्याचा उमेदवार पाइपलाइनच्या बाजूने. अर्लिसच्या कोपऱ्यात एकच माणूस कमी पडत होता, आणि कुठेच न गेलेला एकच उरला होता: तिचा शेजारी ड्वेन फॉप्मा. पाइपलाइन त्याच्याही शेतातून जाणार होती.

"हाक मार त्याला," सभा चालवणारे कर्ट मास्तर तिला म्हणाले.

"मी नाही मारणार. माझी अक्रोडाची झाडं तोडताना त्याने विचारलं होतं मला?"

"झाडं माझ्या हद्दीत होती," ड्वेन दाराजवळच्या खुर्चीवरून म्हणाला. "आणि बोलावल्याशिवाय मी जात नसतो."

"हद्द मोजली कोणी? तुझ्या बापाने?"

"बाप काढू नकोस, अर्लिस."

"अगं, दोघांचीही शेतं जातील," मास्तर कळवळून म्हणाले.

"जाऊ देत. त्याचं आधी जाईल."

वेळ संपली, कोपरा बाद झाला. मोठ्या कोपऱ्याने सगळं गाव खिशात घातलं. राज्यही त्याच उमेदवाराने निसटतं जिंकलं आणि पुढे तोच राष्ट्राध्यक्ष झाला. स्वतःचं नाक कापून शेजाऱ्याला अपशकुन करणारी ही जात. मला यांची शिसारी येते.

काल पाइपलाइन कंपनीचा माणूस मंजूर झालेला नकाशा घेऊन इथे आला. अर्लिस माझ्यावर, ड्वेन शेजारच्या खुर्चीवर. नकाशावरची लाल रेघ दोघांच्या शेतांतून आरपार गेली होती.

"एक हाक मारायची होतीस," ड्वेन हळूच म्हणाला.

"तू चार पावलं यायचं होतंस," अर्लिस म्हणाली.

मला त्यांची दया आली नाही. एवढीच विनवणी करते: पुढच्या खेपेला यांना बसायला खुर्ची देऊ नका. पाय भरून आले असते, तर दोघांपैकी एक जण तरी हलला असता.