चाळीस संदर्भांची यादी

शंभर उल्लेख झाले तर नोकरी कायम, नाही तर मार्चनंतर दुसरीकडे बघा, असा विद्यापीठाच्या समितीचा तिला निरोप होता. इतर संशोधकांनी आपापल्या शोधनिबंधांत तिच्या कामाचा आधार आतापर्यंत सत्त्याण्णव वेळा घेतला होता. तीनावर घोडं अडलं होतं.

"काम सोन्यासारखं आहे हो तुमचं," विभागप्रमुख म्हणाले, "पण समितीत ते वाचणार कोण? आकडा तेवढा सगळ्यांना वाचता येतो. आणि मथळे जरा चटकदार ठेवा बाई! 'नदीच्या गाळातील जिवाणूंचा श्वसनवेग' म्हटलं की तिथंच जांभई येते."

त्याच आठवड्यात एका नियतकालिकानं कुणा अनोळखी संशोधकाचा निबंध तिच्याकडे तपासायला पाठवला. परीक्षक कोण, हे लेखकाला कधीच कळत नाही. निबंध चोख होता, नाव ठेवायला जागा नव्हती. तरी तिनं अभिप्रायात लिहिलं, 'पुढील अलीकडच्या कामाची दखल घ्यावी,' आणि चार निबंध सुचवले. तीन स्वतःचे. चौथा परक्याचा, उगाच संशय नको म्हणून.

लेखकानं चारही निमूटपणे घातले. परीक्षकाशी वाद कोण घालतो? पण त्या नियतकालिकात चाळीसच संदर्भ चालत, आणि त्याची यादी आधीच भरलेली होती. त्यानं सर्वांत जुने चार काढून टाकले. त्यांतले तीन तिच्या सरांचे होते.

गाळातल्या जिवाणूंचा श्वास मोजायची रीत सरांनी बसवलेली. तिला त्यांनीच हाताला धरून शिकवली. तिच्याकडे पुन्हा तपासायला आलेल्या सुधारित निबंधात आता त्या रीतीपुढे तिचं नाव होतं. एक ओळ लिहून जुने संदर्भ परत मागता आले असते. मग त्यानं कुणाचे काढले असते? बहुधा तिचेच. समितीची बैठक दीड महिन्यावर आली होती. तिनं 'स्वीकारावा' यावर टिचकी मारली.

निबंध प्रसिद्ध झाला, शंभर भरले. "सुटलात बाई!" विभागप्रमुख दारातूनच ओरडले.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती.

"अगं, तुझ्या काकूनं त्या नव्या निबंधातली संदर्भांची यादी दोनदा वाचून दाखवली. मी कुठेच नाही. तू आहेस, ते बरं झालं, घरातच राहिलं. पण रीत माझीच ना गं?"

"तुमचीच, सर."

"मग संपादकाला पत्र धाडू या. माझ्या डोळ्याला अजून पट्टी आहे. मी सांगतो, तू टाईप कर. परीक्षक झोपला होता का, असं सरळ विचार."

तिनं कोरं पान उघडलं. तारीख घातली, 'महोदय' लिहिलं.

"झोपला होता हे जरा जास्तच होतंय," सर मधेच म्हणाले. "सभ्यपणे लिही. नवशिका असेल बिचारा. आपलं काम वाचलंच नसेल त्यानं."

"हो, सर," ती म्हणाली, आणि तेही टाईप करू लागली.