रतनबाईनं नाव घेतलं

नवरा मेला की बाई सुटते म्हणतात. ज्यानं कुणी म्हटलं त्याच्या घरात नाटककार नवरा नसणार. कारभारी मास्तर जाऊन कैक वर्षं झाली, पण रतनबाईच्या मानगुटीवरून ते काही उतरले नाहीत. काष्टीच्या बाजारापासून राजूरच्या डोंगरापर्यंत माणसं बैलगाड्या जुंपून ज्यांचे वग बघायला यायची, त्या मास्तरांची ही बायको. आता गावात त्यांचा पुतळा झाला, वेशीला त्यांच्या नावाची कमान झाली, आणि आज मारुतीपुढं मांडव घालून त्यांच्या आयुष्यावरच्या विनोदी कादंबरीचं प्रकाशन होतं.

कादंबरी लिहिणारा हर्षल, नगरच्या कॉलेजातला प्राध्यापक. पोरगा तसा वाईट नव्हता. मागच्या उन्हाळ्यात त्यानं घरी येऊन रतनबाईला बोलतं केलं, आणि पोटच्या पोरालासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते ती त्याला सांगून बसली. तिची पहिली लेक सुरेखा. रतनबाई तेव्हा ऊसतोडीला गेलेली. अवकाळी पाऊस पडून लाकडं भिजली होती आणि पाचटाच्या कोपीत लेकरू थंडीतापानं काकडत होतं. जाळ काही केल्या धरेना. शेवटी तिनं मास्तरांनी सांभाळायला दिलेला नवा वग चुलीत घातला आणि लेकराला शेकलं. सुरेखा तरी वाचली नाही. मास्तर त्या रात्री काष्टीला तंबूत बोर्डावर उभे राहून खेळ करत होते.

परत आले ते वगासाठी रडले. बाप म्हणून रडले असतील तर ते रतनबाईला दिसलं नाही. पुढं जन्मभर सत्काराला उभे राहिले की सांगायचे, "माझी पहिली टीकाकार माझी बायको! अख्खा वग चुलीत घातला!" लोक पोट धरधरून हसायचे. रतनबाई पदर पुढं ओढून घ्यायची. ज्याचं नाव तोंडात घ्यायची सोय नाही, त्याला चारचौघांत खोटं पाडायचं तरी कसं?

पुस्तक घरी आलं तशी तिनं नातीला, आरतीला विचारलं, "त्यात सुरेखा हाय का गं?"

"कोण सुरेखा, आजी?"

घ्या! घरच्या पोरीला माहीत नाही, तर परक्याच्या पुस्तकात कुठून असणार? तरी रतनबाईनं स्टेजवर चढता चढता हर्षलचा दंड धरला. "माजी सुरेखा कुटंय रं?"

हर्षल हळूच म्हणाला, "आजी, कादंबरी विनोदी आहे. तिथं ते दुःख शोभलं नसतं."

"मला शोबलं व्हय?" ती म्हणाली, पण तोवर हार आले आणि त्याचं लक्ष उडालं.

सूत्रसंचालन रविराजकडं. त्यानं नेमकं तेच प्रकरण वाचायला घेतलं. त्यातली रतनबाई फडातल्या नाचणारणीवर जळते, फुंकणी घेऊन मास्तरांना गावभर पळवते आणि रागारागानं वग चुलीत कोंबते. मांडव नुसता लोळत होता. आरतीही हसली. पुढच्या रांगेत बसलेली गोजरबाई तेवढी हसली नाही. त्या कोपीत गेलेल्या लेकराला न्हाऊ घालून फडक्यात तिनंच गुंडाळलं होतं.

हशा ओसरेना, तेव्हा रविराजला आणखी चेव आला. माईक रतनबाईच्या तोंडापुढं धरून तो म्हणाला, "आता आजी मास्तरांचं नाव घेणार! जोरदार टाळ्या!"

विधवेला कुणी नाव घ्यायला लावतं का? पण मांडव ओरडत होता, "घ्या, घ्या!" बरं तर बरं. आजपर्यंत अडवलं ते ह्या नावानंच. आता लोकच म्हणतायत घे, तर घेते. रतनबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"लाकडं हुती वली, सुरेखा तापलेली,
म्हनून वगाची पानं चुलीत म्या जाळली;
पहाटं लेकरू गेलं, मी एकलीच रडले,
कारभारी मास्तर तवा बोर्डावर चढले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उखाण्यात लोक कान देतात ते यमकाला आणि नावाला. मधलं कोण ऐकतं? "वा, आजी! आजून एक!" मागून शिट्टी आली. गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. आरतीचे टाळीला उचललेले हात मात्र तसेच राहिले.

हर्षल उठून जवळ आला. त्याला कळलं होतं. तोंड उतरलं होतं त्याचं. क्षणभर रतनबाईला वाटलं, हा आता माझ्या सुरेखाचं नाव घेईल. तो कानाशी वाकला. "आजी, दुसऱ्या आवृत्तीत घेतो हा उखाणा. लोकांना लई आवडला. फक्त ते लेकरू गेल्याचं तेवढं काढू."

"तिला काढायचं आसंल तर मला बी काढ," रतनबाई म्हणाली. "तिची आय हाय मी. त्येंची गंमत न्हाई."

माईक चालूच होता. ह्या वेळी सगळ्या मांडवानं ऐकलं, आणि एकही माणूस हसला नाही. समोर बायांच्या माना खाली गेल्या.

मग रविराजनं घाईघाईनं माईक ओढून घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली. मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं त्यानं घेतली. सुरेखाचं कुणी घेतलं नाही.