लॉगर्स पाच सामन्यांत बाहेर

टॉइव्हो रिंटालाने स्वतःच्या लग्नाची तारीख काढली ती गावच्या हॉकी संघाच्या पराभवावरून. स्प्रूस लँडिंगमध्ये याचं कुणालाही नवल वाटलं नाही. दोनशे चाळीस माणसं एका वेळी जेवायला बसतील अशी गावात एकच जागा, ती म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त मैदान. तिथे ऑक्टोबरपासून बर्फ असतो. लॉगर्स संघ बाद फेऱ्यांतून बाहेर पडला की बर्फ काढायचा, खालची फरशी धुवायची, आणि मग लग्नं, बोटींचं प्रदर्शन, कुत्र्यांना लस टोचणं, ज्याचं जे असेल ते. त्यामुळे ‘लॉगर्स कधी हरणार’ हा प्रश्न गावात कुणी खेळाचा म्हणून विचारत नसे. हॉल कधी मिळणार, एवढाच त्याचा अर्थ.

आणि लॉगर्स कधी हरणार हे टॉइव्होला माहीत असे. तो पाणीपुरवठ्याच्या केंद्रात कामाला होता. सकाळ-संध्याकाळ पाण्यातला क्लोरीन मोजायचा, आणि मधल्या वेळात हॉकी मोजायचा. दर मार्चला तो हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवायचा: कोणता संघ कोणाला किती सामन्यांत हरवणार. सातांपैकी चार सामने जो जिंकेल तो पुढच्या फेरीत, म्हणून नुसतं कोण ते सांगून भागत नाही, किती सामन्यांत तेही सांगावं लागतं. लॉगर्सबद्दलचं त्याचं भाकीत नऊ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. अर्थात लॉगर्सनीही दर वर्षी हरून मदत केली होती, हे मान्य करायला हवं.

यंदा कागदावर होतं: ‘पोर्ट हॅलोरन जिंकणार. लॉगर्स पाच सामन्यांत बाहेर.’ त्यावरून दंतवैद्याने सुट्टीचं तिकीट काढलं. महापौरांनी गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं. टॉइव्होने चार आठवडे हातचे ठेवून अकरा मे, शनिवार, दुपारी दोन, असं मैदान लग्नासाठी लावून घेतलं.

“नक्की?” त्याच्या होणाऱ्या बायकोने, ओडेटने, एकदाच विचारलं.

ओडेट गॅन्यों शाळेची बस चालवायची. जानेवारीतल्या रस्त्यांवर आठ वर्षं बस चालवलेली बाई ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. पण टॉइव्होने तिला आलेख दाखवला आणि तिने ठेवला. प्रेम होतं म्हणून, किंवा आलेख दोन रंगांत होता म्हणून.

लॉगर्स सहा सामन्यांत जिंकले.

गावाने एक दिवस जल्लोष केला. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. टॉइव्होने आकडे पुन्हा मांडले आणि नवा कागद चिकटवला: ‘ब्लॅक रिव्हर जिंकणार. लॉगर्स सहा सामन्यांत बाहेर.’ लॉगर्स सात सामन्यांत जिंकले. काचेसमोर माणसं जमली.

“तू म्हणालास हरतील!” दंतवैद्य म्हणाला. त्याचं विमान त्याच्याशिवाय गेलं होतं.

“हरायलाच हवे होते.”

“मग जिंकले का?”

“ते त्यांना विचारा ना. मी माझं काम चोख केलंय.”

त्याच संध्याकाळी लॉगर्सचे कोच स्टेफान्युक पाणीपुरवठा केंद्रात आले. अडुसष्ट वर्षांचे, मान नसलेले, आवाज नेहमी समोरच्या डोंगरापर्यंत पोहोचेल असा. त्यांनी टॉइव्होला एवढ्या जोरात मिठी मारली की त्याच्या हातातली क्लोरीनची नळी फुटली.

“लेका, तुझे दोन्ही कागद मीच काढून नेले. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला खिळा मारून लावलेत. पोरं जाता-येता वाचतात. टाळकं सरकतं त्यांचं! मग बघ कशी खेळतात. आता तिसऱ्या फेरीलाही लिही. हरणार म्हणून.”

“पण कोच, ते खरंच हरणार आहेत. आकड्यांत तसंच दिसतंय.”

“शाब्बास! अगदी अस्संच लिही.”

टॉइव्होने तसंच लिहिलं, कारण आकडे तसेच होते. सेंट एग्नेसविरुद्धची ती फेरी तीन-तीन अशी बरोबरीत आली. सातवा सामना मंगळवारी, सात मेला, घरच्या मैदानावर. त्यात हरले तर बर्फ निघणार. जिंकले तर शनिवारी अंतिम फेरी सुरू होणार, त्याच मैदानावर, त्याच बर्फावर.

तो मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्या व्हर्नाकडे गेला. व्हर्ना बर्फ सारवायच्या गाडीवर बसूनच जेवत होती. तिने मांडीवरची वही त्याच्याकडे फिरवली. अकरा मेच्या खाली दोन नोंदी होत्या, दोन्ही शाईने: ‘दुपारी दोन, रिंटाला लग्न.’ ‘संध्याकाळी सात, अंतिम फेरी, सामना पहिला, असल्यास.’

“यातलं खरं काय?” टॉइव्होने विचारलं.

“दोन्ही.”

“पण सामन्यापुढे ‘असल्यास’ आहे. लग्नापुढे नाहीये.”

“लिहू का?” व्हर्नाने पेन उघडलं.

“नको, नको!”

“हे बघ पोरा, बर्फ काढायला मला तीन दिवस लागतात. मंगळवारी हरले तर बुधवारी सुरू करते. जिंकले तर तुझी वऱ्हाडी मंडळी स्केट घालून आण. मला दोन्ही चालतं.”

रविवारी दुपारी ओडेट बस घेऊनच त्याच्या दारात आली. तो पुढच्या बाकावर बसला. बाक दुसरीतल्या मुलांच्या मापाचा होता, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागत होते आणि चर्चेत त्याची बाजू सुरुवातीपासूनच लंगडी पडली.

“मी विचार केलाय,” ओडेट म्हणाली. “तू हरणार लिहितोस, ते चिडतात, जिंकतात. तर मग जिंकणार लिही.”

“पण आकडे म्हणतात हरणार.”

“मग तर बरंच. दोन्हीकडून हरतील.”

“तसं नाही गं. हरणार लिहिलं की जिंकतात. म्हणजे खरं भाकीत झालं जिंकणार. पण ते लिहिलं की चिडणार नाहीत, म्हणजे हरणार, म्हणजे ते खोटं. म्हणून मग खरं...”

“टॉइव्हो.”

“हं?”

“मी रोज सदतीस पोरांना शाळेत सोडते. त्यातला एक अजून उलटे बूट घालतो. पण तुझ्याइतका गोंधळ त्याच्याही डोक्यात नाही.”

टॉइव्होने बुटांकडे पाहिलं. सरळ होते.

“गावाशी बेइमानी होईल ती,” तो म्हणाला.

“नऊ वर्षं तू हरणार लिहिलंस आणि गाव नऊ वर्षं हरलं. तेव्हा नाही झाली?”

“तारीख थोडी पुढे ढकलली तर?” त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच आपण चुकलो हे त्याला कळलं.

ओडेटने वायपर चालू केले. पाऊस नव्हता. “माझा भाऊ उत्तरेतल्या हवामान केंद्रावरून चार दिवसांची रजा काढून येतोय. पुढची रजा दोन वर्षांनी. फादर मारियुस चार गावं सांभाळतात, आपल्याकडे सहा आठवड्यांतून एकदा. आणि केसांत त्या सत्तावन्न पिना मी एकदाच टोचून घेणार. शनिवारी लग्न झालं तर झालं. दुसरी तारीख मी धरणार नाही. रागाने म्हणत नाहीये, सांगून ठेवतेय.”

खरोखरच ती रागाने म्हणत नव्हती. त्यामुळे टॉइव्हो जास्तच घाबरला.

त्याने संध्याकाळपर्यंत तीन कागद लिहिले. पहिल्यावर ‘हरणार’. तो फाडला. दुसऱ्यावर ‘जिंकणार’. तोही फाडला. तिसऱ्यावर काहीच लिहिलं नाही, पण कोरा कागद पाहून कोच चिडतील की खेळाडू, आणि कोण चिडल्यावर नेमकं काय होतं, हे ठरेना. सोमवारी सकाळी कामावर जाताना त्याने काचेवर चौथा कागद चिकटवला: ‘सामना सातवा. लॉगर्स जिंकणार.’ आणि क्लोरीन मोजायला निघून गेला.

दुपारी परत आला तर काचेसमोर पन्नासेक माणसं गप्प उभी होती. या भागात माणूस आपली बायको, ट्रक, मासेमारी, सगळ्याबद्दल फुशारकी मारतो. पण सामन्याआधी आपला संघ जिंकणार असं कुणी उघड बोलत नाही. नाट लागते. इथे तर ते लिहून लावलेलं होतं, आणि तेही यंदापर्यंत नऊ वर्षं कधी न चुकलेल्या हाताने. एका म्हाताऱ्याने मयतासमोर काढतात तशी टोपी काढली. महापौरांनी नाट टळावी म्हणून आपल्या लाकडी कुबडीवर तीनदा टकटक केलं आणि तोल जाऊन दंतवैद्याच्या अंगावर पडले.

कोच स्टेफान्युक सगळ्यांच्या पुढे उभे होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“हे तू लिहिलंस?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच समोरच्यापुरता होता.

“हो.”

“आकडे असं म्हणतात?”

टॉइव्होने तोंड उघडलं. “आता आकडे काय म्हणतात तेच मला कळेनासं झालंय,” तो म्हणाला. महिन्याभरात त्याने बोललेलं पहिलं शंभर टक्के खरं वाक्य. कोचनी मान हलवली आणि निघून गेले. संध्याकाळी काचेवर कागद नव्हता.

मंगळवारच्या सामन्यात टॉइव्हो आणि ओडेट शेजारी बसले. लॉगर्सनी पहिला गोल केला तेव्हा सगळं मैदान उठलं. टॉइव्हो अर्धा उठला. सेंट एग्नेसने बरोबरी केली तेव्हा सगळे बसले, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण अजून अर्धेच उठलेले आहोत. ओडेट दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून बसली होती. लॉगर्सच्या गोलरक्षकाने, मिलोशने, चेंडूच्या जागी असणारी ती रबरी चकती अशक्य झेप घेऊन अडवली तेव्हा तिच्या तोंडून “व्वा!” निघून गेलं आणि तिने ते लगेच खोकल्यात बदललं.

जादा वेळेच्या अठराव्या मिनिटाला सेंट एग्नेसच्या कुणीतरी भलत्याच दिशेला चकती मारली. ती पंचाच्या बुटाला लागली, तिथून लॉगर्सच्याच बचावपटूच्या पार्श्वभागाला, आणि तिथून आत. लॉगर्स बाहेर. मैदानात इतकी शांतता पसरली की वर लावलेल्या घड्याळाचा आवाज यायला लागला. मग बर्फ सारवायच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. व्हर्नाने बुधवारची वाट पाहिली नाही.

तरी शनिवारी सगळा बर्फ गेला नव्हता. एका टोकाला करड्या रंगाचा एक पट्टा राहिला होता, उरलेली फरशी ओली. पाहुणे चांगल्या कपड्यांवर रबरी बूट घालून आले. ओडेटच्या केसांत सत्तावन्न पिना होत्या आणि झग्याखाली हिरवे गमबूट. फादर मारियुसनी लग्न लावलं. भाऊ रडला. मग रिवाजाप्रमाणे वधूवर दाराशी उभे राहिले आणि मंडळी रांगेने भेटायला आली.

इथे घोटाळा झाला. गाव हरून चार दिवसच झाले होते. फेरी संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांगा लावतात, हात मिळवतात, दोन शब्द बोलतात आणि पुढे सरकतात. या लोकांनी लहानपणापासून रांग म्हणून एवढी एकच पाहिलेली. पाय आपोआप त्या चालीत पडले. पहिल्या माणसाने उजवा हातमोजा काढला, डोळ्याला डोळा भिडवला, हात दाबला आणि म्हणाला, “छान खेळलात.” मागच्यानेही तेच केलं.

“छान खेळलात,” दंतवैद्य म्हणाला.

“जबरदस्त झुंज दिलीत,” महापौर म्हणाले.

“हे अभिनंदन करतायत की सांत्वन?” ओडेटने ओठ न हलवता विचारलं.

“मला कळत नाहीये.”

“मी हसू का?”

“अर्धं हस.”

मग लॉगर्सचा संघ आला. संघ बाहेर पडेपर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नसतो, त्यामुळे बुधवारी तासलेले ते चेहरे अर्धे रापलेले आणि अर्धे पांढरे होते. सर्वांत पुढे कोच. त्यांनी टॉइव्होचा हात बराच वेळ धरून ठेवला.

“लेका, मनाला लावून घेऊ नकोस. तो कागद मी दाराला लावलाच नाही. घरी नेला आणि शेगडीत टाकला. पोरांनी पाहिलासुद्धा नाही. हरले ते आपापले हरले.”

टॉइव्होच्या छातीवरून काहीतरी मोठं उतरलं. म्हणजे आकडे बरोबर होते! कोच पुढे सरकले. मागे मिलोश होता.

“तुझा कागद वाचला मी,” मिलोश म्हणाला. “दारावरचा. जिंकणार म्हणून लिहिलेला.”

“दारावर?”

“चार वर्षं झाली मला या गावात येऊन. जिंकाल असं कधी कुणी म्हणालं नाही. इतकं बरं वाटलं! रात्री मस्त झोप लागली.” तो जरा घुटमळला. “जादा वेळेपर्यंत उतरली नव्हती.”

“पण दारावर कसा? तो तर कोचनी...”

“छान खेळलास,” मिलोश म्हणाला आणि पुढे सरकला, कारण मागे एकवीस जण ताटकळत होते.

टॉइव्होने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. कागद जळला असेल तर तो निर्दोष. कागद दारावर असेल तर त्याने गाव हरवलं. दोन्ही झालं असेल तर कागद दोन होते, आणि त्याने तर एकच लावला होता. तोवर हात मिळवणं चालूच होतं. उजवा हात कुणाच्या तरी हातात असायचा, त्यामुळे डाव्या हातावर जेवढं मोजता येईल तेवढंच मोजलं गेलं.

रांग संपली. ओडेट त्याच्याकडे वळली आणि काही न बोलता तिनेही हात पुढे केला. त्याने तो धरला. तिने नीट, जोरात दाबला.

“छान खेळलास,” ती म्हणाली.

आपण जिंकलो की हरलो, हे तिला विचारावं असं त्याला फार वाटलं. पण ती समोर उभी होती, लग्न झालं होतं, आणि मागून पेरोगींचा, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, वास येत होता. त्या भरात त्याने तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या फादर मारियुसशीही हात मिळवला.

“छान खेळलात, फादर.”

फादरनी टोपी काढली. ते फार भले गृहस्थ होते, आणि चारही गावांत त्यांनी आजवर एकाच संघाची, लॉगर्सची, बाजू घेतली होती.

“पुढच्या वर्षी बघू,” हरलेल्या संघाला म्हणतात तसं ते म्हणाले.

“पुढच्या वर्षी काय?” ओडेटने विचारलं.

फादरनी टॉइव्होकडे पाहिलं. टॉइव्होने फादरकडे पाहिलं.